आधी पदकाची कड वाचा, कराचीचं नंतर बघू

कळव्याहून तुम्ही लिहिलंय की आजोबा ७१ च्या युद्धात नौदलात होते, घरात दोन पदकं आणि एक फोटो आहे, जहाजाचं नाव कुणालाच सांगता येत नाही आणि काका म्हणतात 'कराचीवर गेले होते'; मग त्यांची नोंद शोधायची कशी, असं विचारलंय. वाचून हसूच आलं, कारण आमच्याकडेही हेच होतं. ज्याच्या त्याच्या घरचे आजोबा कराचीवरच गेलेले असतात. ४ डिसेंबरच्या रात्री हल्ला केलेल्या क्षेपणास्त्र नौका तीन, निपात, निर्घात आणि वीर. माणसं मावणार किती?

पदकं नीट बघा. संग्राम पदक त्या काळात नोकरीत असलेल्या बहुतेकांना मिळालं, त्यावरून काही कळत नाही. दुसरं पश्चिमी स्टार (पश्चिम आघाडीचं पदक) आहे की पूर्वी स्टार (पूर्व आघाडीचं), ते महत्त्वाचं. आमच्या डब्यात पूर्वी स्टार निघाला, म्हणजे कराची बाद, बंगालचा उपसागर. आजोबा स्टोकर होते, म्हणजे खाली बॉयलरवर काम करणारे, विक्रांत या विमानवाहू जहाजावर. त्या वेळी तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे वेग कमी ठेवून कॉक्स बाजार, चितगावच्या मोहिमा केल्या. चितगावबद्दल आजोबा कधी बोललेच नाहीत, बोलायचे ते खालच्या उकाड्याबद्दल. युद्धात समुद्र बघितला का विचारलं की म्हणायचे, "मी गेज बघत होतो." गेज म्हणजे बॉयलरचा दाब दाखवणारी तबकडी.

आता मुद्दा. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नोकरीचा नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. तो नंबर म्हणजे सगळं. खलाशांचे रेकॉर्ड मानखुर्दला, ब्युरो ऑफ सेलर्स या नौदलाच्या कार्यालयाकडे असतात (अधिकाऱ्यांचे तिथे नाहीत). अर्ज, नात्याचा पुरावा, मृत्यूचा दाखला, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आम्हाला रखडवलं ते मधल्या एका कार्यालयाने. नाव घेत नाही. आजोबा कोकणातून भरती झाले तेव्हा नोंदीत नाव आणि वडिलांचं नाव एवढंच, आडनाव नाही. त्या काळच्या बऱ्याच नोंदी अशाच आहेत. आम्ही अर्जात तसंच लिहिलं, नंबरासकट. तिथल्या साहेबांना ते 'अपूर्ण' वाटलं. त्यांनी पुढे पाठवायच्या पत्रात आधारवरचं आडनाव घातलं आणि नंबर गाळला. उत्तर आलं, अशा नावाचा खलाशी सापडत नाही. मग आम्हालाच ऐकवलं, "तुमचे आजोबा नक्की नौदलात होते ना? मर्चंट नेव्हीत असतील." आजी शेजारी बसलेली! पुढे दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं, कोर्टनाक्यावर नोटरी झाली, ते दिल्यावर त्याची भाषा चुकली म्हणाले. अख्खा पावसाळा गेला. जावक पत्राची प्रत हट्टाने मागितली तेव्हा कुठे घोळ दिसला. नंबर घालून थेट मानखुर्दला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं आणि काम सुरळीत झालं.

म्हणून माझं मत, शक्यतो मध्ये कुणाला घालू नका. घालावंच लागलं तर जावक क्रमांक आणि पत्राची प्रत घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. नाव नोंदीत आहे तसंच लिहा, उगाच सुधारायला जाऊ नका. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्सच द्या. माहिती अधिकाराचा अर्ज आधीच ठोकू नका, साध्या अर्जाने होतं. आजीच्या पेन्शनचं काही अडलं असेल तर तो विषय वेगळ्या अर्जात, दोन्ही एकत्र केले की दोन्ही लटकतात. मी यातला अधिकारी माणूस नाही, नियम बदललेही असतील, फोन करून खात्री करा.

आणि हो, पदकं ब्रासोने घासू नका. आमच्या आत्याने दर दिवाळीला घासून कडेवरचे दोन आकडे जवळजवळ घालवले होते. टॉर्च तिरका धरून मोबाईलने फोटो काढला तर वाचता येतात. वाचलात की कुठला स्टार आहे ते इथे सांगा, नंबर मात्र उघड्यावर टाकू नका.