पट्टी खाली घे

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी चर्चमध्ये उपासनेला मी तिसऱ्या बाकावर होतो. कीबोर्डवर तुझा हात छान तयार झालाय. पण दुसऱ्या कडव्याला माझ्या शेजारच्या आजींनी गाणं सोडलं. पुस्तक उघडंच होतं, ओठ मिटले. काळी चार ही उंच पट्टी, म्हणजे चौथ्या काळ्या स्वरापासून सा धरणं, तुमच्या गायिकेला शोभते, सकाळी साडेआठला जमलेल्या मंडळीला झेपत नाही. चालीतला सर्वांत उंच सूर आधी शोध, तो म्हाताऱ्या गळ्यांना पेलतो का बघ, मगच पट्टी ठरव. तीच चाल थोडी खाली, पांढरी चारवर घेतली असतीस तर आजी शेवटपर्यंत गायल्या असत्या.

मीही चुकलोय. एका अंत्यविधीच्या उपासनेत दोन कडव्यांच्या मध्ये मी लांबलचक पीस, म्हणजे नुसत्या वाद्याचा तुकडा, वाजवला. गेलेल्या माणसाची बायको तिसरं कडवं उचलायला श्वास घेऊन उभी होती. माझी बोटं थांबेपर्यंत तिला हुंदका फुटला, कडवं राहूनच गेलं. तिचं ते अर्धवट उघडलेलं तोंड मला अजून दिसतं. कडवं संपलं की एक श्वास सोड आणि पुढचं धर. तबलजीलाही हे सांग.

कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग-ओवीच्या वळणाची कितीतरी गीतं आपल्याला दिली. त्या गीतांवर कॉर्डांचा मारा केलास की शब्द चिरडतात. भजनी ठेका आणि खाली सा-प पुरे. इंग्रजी चाली टाकून दे असं मी म्हणत नाही. आपल्या ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचं समर्पण १८२५ साली करणारे बिशप हेबर स्वतः गीतकार होते. त्या चाली ऑर्गनच्या संथ वळणानेच वाजव, रेडीमेड रिदम लावू नकोस. लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, तर आवाज आणखी उतरव.

मानधन मिळालं तर न लाजता घे, घर त्यावरही चालतं. पण शनिवारी घोडबंदर रोडच्या हॉलवर रात्री एकपर्यंत रिसेप्शन वाजवून रविवारी पेंगत येऊ नकोस. शेवटच्या कडव्याला मंडळी रंगली की वाजवणं थांबव, हात मांडीवर ठेव आणि ऐक. ते ऐकताना माझे डोळे आजही भरतात.

येत्या शनिवारी सरावाला सहालाच ये. आजींनाही बोलावलंय. पट्टी त्यांच्या गळ्यावर लावून घेऊ.

तुझा,
काका