सिम्युलेशनमध्ये जुळतं, फिक्स्चरवर सरकतं

प्रश्न : रोबोसाठी ऑफलाइन, म्हणजे कॉम्प्युटरवरच बनवलेला वेल्डिंग प्रोग्रॅम दीड मीटरच्या जॉबवर एका टोकाला नेमका बसतो, दुसऱ्या टोकाला 3 मिमी सरकतो. कॅटलॉगमध्ये तर ±0.05 मिमी छापलंय. प्रत्येक पॉइंट टच-अप करायचा का, म्हणजे रोबो जागेवर नेऊन हाताने दुरुस्त करायचा का?

उत्तर : नको. टच-अपने चूक प्रत्येक पॉइंटमध्ये मुरते आणि पुढचा प्रोग्रॅम पुन्हा तितकाच चुकतो. ±0.05 हा आकडा शिकवलेल्या जागी रोबो पुन्हा किती नेमका येतो, याचा आहे. कॅडमधून आलेल्या बिंदूवर मिलिमीटरभर फरक सहज पडतो.

तुमच्याकडे चूक टोकाकडे वाढत जाते, म्हणजे पहिला संशय बेस फ्रेमवर, म्हणजे जॉब पकडणाऱ्या फिक्स्चरची जागा आणि दिशा रोबोला सांगणाऱ्या अक्षांवर. मूळ बिंदू आणि एक्स दिशेचा बिंदू यांत 150 मिमीच अंतर असेल आणि तिथे टॉर्चचं टोक 0.3 मिमी आडवं चुकलं, तर दीड मीटरवर ते 3 मिमी होतं. बिंदू जॉबच्या दोन टोकांना घ्या.

पण फ्रेमला हात लावण्याआधी टूल. लोड डेटात टॉर्चचं खरं वजन भरा, रोबो अर्धा तास चालवून गरम करा, मग टीसीपी (टूलचं टोक नेमकं कुठे आहे तो बिंदू) एकाच पिनला चार दिशांनी टोक लावून घ्या. दिशा एकमेकींपासून चांगल्या फाकलेल्या हव्यात; इथेच बहुतेक जण आळस करतात. शेवटी टोक पिनवर ठेवून टीसीपीभोवती फक्त टॉर्चची दिशा फिरवा. टोक पिनवरून हललं, तर टीसीपी पुन्हा घ्या.

आता फ्रेम काढणारी स्क्रिप्ट. फिक्स्चरवर विखुरलेले, एका रेषेत किंवा एका पातळीत नसलेले सहा-आठ बिंदू टोकाने स्पर्शून मोजा. पायथनमध्ये नमपाय या गणिती लायब्ररीच्या एसव्हीडीने (मॅट्रिक्सचे घटक पाडणारी पद्धत) कॅडचे बिंदू मोजलेल्यांवर बसवा. त्यातून निघालेल्या फिरवण्याच्या मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट +1 आहे ना ते पाहा. −1 आला तर फ्रेम आरशातली निघते. उरलेली चूक 0.2-0.3 मिमी असेल तर काम झालं. मिलिमीटरभर उरली आणि हाताच्या ठेवणीप्रमाणे बदलत असेल, तर आधी मास्टरिंग, म्हणजे प्रत्येक सांध्याची शून्य जागा तपासा. तेही ठीक असेल तर लेझर ट्रॅकरने (लेझरने जागा मोजणारं यंत्र) रोबोचं कॅलिब्रेशन करून घ्यावं लागेल. तो खर्च सरसकट करू नये.

प्रश्न : स्क्रिप्टमधली फ्रेम रोबोत भरली की तिरकी होते.

उत्तर : कोनांचा क्रम पाहा. कूका कंपनीच्या रोबोचे ए, बी, सी म्हणजे झेड, वाय, एक्सभोवतीचे कोन. फानुकचे डब्ल्यू, पी, आर बरोबर उलट क्रमाने लिहितात. एबीबीला क्वाटर्निअन (दिशा सांगणारे चार आकडे) लागतो, त्यात स्केलर आकडा पहिला. पायथनची सायपाय लायब्ररी तो डीफॉल्टने शेवटी देते. कोन निदान तीन दशांशांपर्यंत भरा : 0.01 अंशाची चूकही दीड मीटरवर पाव मिलिमीटर होते.