मांजर बिचकू नये म्हणून

प्रश्न : केर काढून फरशी पुसणारा रोबो घ्यायचा आहे, पण आवाज झाला की आमची मांजर पलंगाखाली दडते. निवड कशी करावी?

उत्तर : डेसिबलचा आकडा कोणत्या मोडचा आहे हे आधी तपासावे, कारण जाहिरातीत बहुधा सर्वांत शांत मोडचाच आकडा असतो आणि 10 डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट जाणवते. खरा दणका मात्र डॉकचा, म्हणजे रोबो चार्जिंगसाठी जिथे परततो त्या तळाचा असतो. रोबोतली धूळ ओढून घेताना तो काही सेकंद जोरात घोंघावतो, म्हणून ती वेळ आपल्याला ठरवता येईल असेच मॉडेल घ्यावे. केसांसाठी ब्रशपेक्षा रबरी रोलर बरा, तरी त्याच्या टोकांशी गुंडाळलेले केस अधूनमधून कात्रीने कापावेच लागतात. गालिचा असल्यास पुसण्याचे फडके आपोआप वर उचलले जाते का, तेही पाहावे.