'क्लेझ्मर': वाद्य, वादक की संगीत?

चेलो आणि पियानोच्या एका मैफलीच्या पत्रिकेत 'क्लेझ्मर-प्रेरित' हे विशेषण वाचून एका वाचकाने विचारले आहे की, क्लेझ्मर हे वाद्य, वादक की संगीतप्रकार, आणि जर्मन रचनाकार माक्स ब्रुखच्या 'कोल निद्रे' या चेलोरचनेलाही ते विशेषण लावता येईल का.

हिब्रूतील 'क्ली' म्हणजे साधन आणि 'झेमेर' म्हणजे गान. यांच्या जोडणीतून झालेला शब्द आधी वाद्यांना लागला आणि पूर्व युरोपातील ज्यूंच्या यिडिश भाषेत लग्नसमारंभात वाजवणाऱ्या कलावंताला लागला. आपल्याकडच्या वाजंत्र्यासारखाच हा शब्द, आणि पुढे त्यातही शिक्षण नसलेला वादक अशी हेटाळणीची छटा आली. संगीतप्रकार हा अर्थ मात्र 1970 नंतर या संगीताच्या झालेल्या पुनरुज्जीवनात रुळला. यिडिशमध्ये वादकांचे अनेकवचन 'क्लेझ्मोरिम' होते. मराठीत 'क्लेझ्मर वादक' पुरे. उच्चारात 'झ' हा 'माझा'मधला, म्हणून 'क्लेजमर' हे लेखन टाळावे.

'कोल निद्रे' (1880) प्रोटेस्टंट ब्रुखने सिनेगॉगमधील, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातील, प्रार्थनेच्या सुरावटीवर बेतले आहे. ज्यू रचनाकार अर्नेस्ट ब्लॉखच्या चेलो-पियानोसाठीच्या 'फ्रॉम ज्युइश लाइफ'चा (1924) कलही प्रार्थनेकडेच आहे. या दोहोंना ज्यू संगीत म्हणावे. क्लेझ्मर म्हणणे म्हणजे कीर्तनाला वरात म्हणणे. हे विशेषण खऱ्या अर्थाने शोभते ते योआखिम स्तुचेव्हस्की (1891–1982) या युक्रेनमध्ये जन्मलेल्या चेलोवादक-रचनाकाराला, कारण त्याचे घराणेच क्लेझ्मर वादकांचे होते आणि 1959 मध्ये त्याने या वादकांवर हिब्रूत पुस्तकही लिहिले.

ऐकताना ओळखायचे कसे? 'फ्रायगिश' या स्वरसप्तकात रिषभ, धैवत, निषाद कोमल आणि गंधार शुद्ध असतो, म्हणजे स्वर बसंत मुखारीचे, चलन मात्र निराळे. तेवढ्यावर विसंबू नये, कारण हे सप्तक प्रार्थनेतही भेटते. खरी खूण 'क्रेख्त्स' या अलंकाराची: चेलोवर स्वर संपता संपता बोट क्षणभर वरच्या स्वराला शिवते, गज आवरला जातो आणि हुंदका गिळल्यासारखा आवाज येतो. पियानोवर वाजवलेला स्वर असा मुरडता येत नाही, म्हणून तिथे अर्ध्या स्वराच्या निसटत्या टिचकीवर भागवावे लागते, आणि डाव्या हाताकडे नृत्याचा ठेका सोपवला जातो. असा ठेका आणि असा हुंदका कानी पडला, तर पत्रिकेतले विशेषण खुशाल मान्य करावे.