पणजीचा कागद खोटा कशावरून?

प्रश्न : आमचं गाव गुहागर तालुक्यात. घर दुरुस्तीला काढलं तेव्हा पेटीत पणजीचा 1925 चा मोडीतला कागद सापडला, जाणकाराकडून वाचून घेतला. पणजोबा आधीच वारलेले, ती आजारी, मुलं लहान. तिने लिहिलंय की माझ्यामागे मुलांना माझ्या भावाने सांभाळावं, माहेरच्या पाटल्या आणि नथ मुलीला द्यावी, बागेतली चार कलमंही तिलाच. खाली फक्त अंगठा. मोठे काका म्हणतात साक्षीदार नाहीत म्हणजे कागद खोटा आणि बाईमाणसाला तेव्हा कुठला आलाय हक्क. आजोबा आणि त्यांची भावंडं मामाकडेच वाढली, पण बाग चुलत्यांकडे राहिली. काय समजायचं आम्ही? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आधी साक्षीदारांचंच सांगते, कारण तेवढ्यावरून त्या बाईला खोटं ठरवलेलं मला अजिबात पटलं नाही. हिंदूंच्या मृत्युपत्राला दोन साक्षीदार हवेत हा नियम मुंबई शहरात 1870 च्या कायद्याने आला, पण रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांत तो 1 जानेवारी 1927 पासून पुढे केलेल्या मृत्युपत्रांनाच लागला. 1925 साली तोंडी मृत्युपत्रसुद्धा चालायचं! कागद खरा की नाही ते घरातले बाकीचे जुने कागद शेजारी ठेवून बघा, साक्षीवरून नको.

आता हक्काचं. पाटल्या आणि नथ माहेरची म्हणजे तिचं स्त्रीधन, ते हव्या त्या माणसाला द्यायची तिला पूर्ण मुभा होती, तेव्हा काकांचं म्हणणं इथे चुकतंच. कलमांचं मात्र तसं नाही. रत्नागिरीकडे मिताक्षरा, म्हणजे हिंदूंच्या वारसाहक्काची एक जुनी पद्धत, चालायची, एकत्र कुटुंबातला पणजोबांचा हिस्सा मुलगे आणि भाऊ यांच्यातच राहिला, विधवेला फक्त पोटगी आणि राहायला जागा. एकत्र मिळकतीतला नवऱ्याचा हिस्सा विधवेला 1937 च्या कायद्याने मिळाला, तोही हयातीपुरता. त्यामुळे ती चार कलमं द्यायचा अधिकार तिला नव्हता आणि त्यांच्यावर आज दावा लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

मुलांच्या बाबतीत तर मला फार वाईट वाटतं. बाप गेल्यावर आई नैसर्गिक पालक होती, पण आपल्यामागे पालक कोण हे मृत्युपत्राने नेमायचा अधिकार हिंदू कायद्यात बापाला होता, आईला नव्हता. ज्या बाईने मुलांना एकटीने वाढवलं तिला शेवटी एवढंही ठरवता येऊ नये! तरी तिचा शब्द अगदीच वाया जाणारा नव्हता. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यात कलम 17 आहे, पालक नेमताना जिल्हा न्यायाधीशाने मुलाचं हित, नात्यातली जवळीक वगैरे बघायचं आणि वारलेल्या आईबापाची काही इच्छा असेल तर तीही. मामा कोर्टात गेले असतील तर हाच कागद त्यांनी दाखवला असणार असं मला वाटतं, आणि घरातल्यांनी आपसात समजुतीने ठरवलं असेल तरी आधार याचाच असेल. बागेला मात्र कोर्ट पालक नेमत नसे, एकत्र मिळकतीतल्या अज्ञान मुलाच्या हिश्शासाठी वेगळा पालक नाही हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, 1903 मध्येच ठरवलेलं होतं, ती कुटुंबाच्या कर्त्याकडेच राहायची. म्हणून मुलं मामाकडे आणि बाग चुलत्यांकडे. यात कुणी कुणाला फसवलं असं धरून चालू नका, कायद्यानेच ती वाटणी तशी केली होती.

मुलांच्या पालकाचा नियम 1956 मध्ये बदलला. आता विधवा आई मृत्युपत्राने मुलांचा पालक नेमू शकते, नवऱ्याने आपल्या मृत्युपत्रात आधीच कुणाला नेमलं असलं तरी.

आणि एक करा, तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात चौकशी करा. कागद तेव्हा नोंदवलेला असेल तर तिथल्या पुस्तक क्रमांक 3 मध्ये मृत्युपत्रांची नोंद असते, आणि करणारी व्यक्ती वारल्यावर त्याची नक्कल अर्ज करणाऱ्या कुणालाही मिळते, वारसदाखला वगैरे लागत नाही. साल सांगा, म्हणजे शोधायला सोपं जाईल.