भाड्याच्या गाळ्याला बँकेची नोटीस लागली, आता काय?

प्रश्न: ताई, विश्रामबागला माझं दुकान भाड्याच्या गाळ्यात आहे. मालकाचं कर्ज थकलं म्हणून बँकेनं शटरवर ताब्याची नोटीस चिकटवलीय. लगेच बाहेर काढतील का, आणि डिपॉझिटचं काय? – एक दुकानदार, सांगली

उत्तर: दादा, आधी करार काढून बघा, सगळी मेख तिथंच आहे. गाळा तारण ठेवायच्या आधीचा रजिस्टर भाडेपट्टा असेल तर तुमची बाजू भक्कम, पण करार तोंडी किंवा बिनरजिस्टर असेल तर वर्षाच्या पुढं ताबा टिकत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये सांगितलंय. आणि थकलेलं कर्ज भरा म्हणून बँक मालकाला देते ती ६० दिवसांची नोटीस निघाल्यावर मालकानं बँकेला न विचारता गाळा दिला असेल तर बँक तो करार मानत नाही, ते बरोबरच आहे म्हणा, नाहीतर कर्ज बुडवणारा प्रत्येकजण मेव्हण्यालाच भाडेकरू म्हणून बसवेल! लीव्ह अँड लायसन्सवाल्यांचा हक्क मुळात कमीच.

दाद मागायची डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात; थकलेल्या कर्जापायी बँकेला तारणाचा ताबा घेऊ देणारा जो सरफेसी कायदा, त्याचं कलम १७, मुदत ४५ दिवस, त्यामुळं वकील आजच गाठा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर भाडेकरूचा हक्क तिथं तपासतात, भाड्याच्या पावत्या, लाईटबिलं जमवा. बँकेनं लेखी मागितलं तर भाडं बँकेतच भरा. डिपॉझिट मात्र मालकाकडूनच वसूल करावं लागणार.