जुन्या सायकलीवर ४४ हजार घालायचे, की नवीच घ्यायची?

प्रश्न: मी ३९ वर्षांची. धायरीत राहते, बँकेत नोकरी करते. हातात महिना ६८ हजार येतात. नवऱ्याचा छपाईचा छोटा व्यवसाय आहे. एखाद्या महिन्यात २० हजार येतात, एखाद्या महिन्यात ५०. घराचा हप्ता धरून खर्च ७८ हजार, शिवाय माझी १० हजारांची एसआयपी. एफडी आणि बचत खातं मिळून २ लाख १० हजार आहेत. २०२१ मध्ये ३६ हजारांना रोडबाईक घेतली. अॅल्युमिनियम फ्रेम, शिमानो कंपनीचा क्लॅरिस ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच), मागे आठ गिअर, रिम ब्रेक. नऊ हजार किलोमीटर झाले, चेन एकदाही बदललेली नाही. २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, दोनदा केली, दुसरी जेमतेम वीस मिनिटं राखून. आता ३०० करायची आहे. पण गिअर उड्या मारतात, सिंहगड चढायला सत्तर मिनिटं लागतात, गुडघे दुखतात, हातांना मुंग्या येतात. दुकानदार म्हणतो, ४४ हजारांत टियाग्रा ग्रुपसेट आणि नवी चाकं बसवून देतो. नाहीतर १ लाख ३५ हजारांची, शिमानोच्याच वरच्या १०५ ग्रुपसेटची, डिस्क ब्रेकवाली सायकल बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घ्या, जुनीचे १४ हजार वेगळे देतो. पगारातल्या फरकाचे ८० हजार माझ्या हातात आहेत. वर्षभर एसआयपी थांबवून हप्ता भरावा असं वाटतंय. काय करू? कधीतरी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही फ्रान्समधली बाराशे किलोमीटरची राईडही करायची आहे.

उत्तर:

ताई, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सायकलीवर खर्च करू नका असं मी सांगणार नाही. घर, नोकरी आणि व्यवसायातली ओढाताण सांभाळून तुम्ही दोनशे किलोमीटर दोनदा पूर्ण केलेत, त्या छंदाला घराच्या अंदाजपत्रकात हक्काची जागा असायला हवी. पण तुमच्यापुढे ठेवलेले दोन्ही पर्याय मला पटत नाहीत. ४४ हजारांचं अपग्रेड तर अजिबात करू नका. नवी सायकल घ्या, पण दीड वर्षाने आणि रोखीने. तोवर आहे त्याच सायकलीवर पंधरा-सोळा हजार खर्च करा आणि तिच्यावरच ३०० करा. असं का म्हणतो, ते सविस्तर सांगतो, कारण यातला निम्मा हिशेब पैशांचा आहे आणि निम्मा दात्यांचा.

तुमच्या तक्रारी एकेक करून पाहू. गिअर उड्या मारतात, हे बहुतेक वेळा झिजलेल्या चेनचं आणि कॅसेटचं, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचं, लक्षण असतं. घरी फूटपट्टी असेल तर आज संध्याकाळीच तपासा. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नवी चेन असेल तर बरोबर बारा इंचांवर पिनचा मध्य येतो. पिन अर्धा सूत, म्हणजे एक सोळांश इंच, पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. पूर्ण सूत पुढे गेली असेल तर चेनने कॅसेटचे दातेही खाल्लेले असतात आणि दोन्ही एकदम बदलावी लागतात. नऊ हजार किलोमीटर एकाच चेनवर काढलेत, तेव्हा दुसरीच शक्यता जास्त. आठ गिअरची चेन आणि कॅसेट मिळून अडीच-तीन हजारांचं काम आहे. यासाठी ग्रुपसेट बदलणं म्हणजे नळाचा वायसर गेला म्हणून बाथरूम फोडणं.

आता सिंहगड. गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण नऊ किलोमीटर. सत्तर मिनिटं लागतात म्हणजे तुमचा सरासरी वेग ताशी ७.७ किलोमीटर. तुमच्या सायकलीला पुढच्या दोन चक्रांना ५० आणि ३४ आणि मागच्या कॅसेटला ११ ते २८ दाते असणार, या मॉडेलांवर बहुधा तेच येतं. पुढे ३४ आणि मागे २८ या सगळ्यात हलक्या गिअरमध्ये तो वेग ठेवायचा तर पाय मिनिटाला पन्नासच फेऱ्या मारतात. प्रत्येक फेरी जोर लावून, आणि तो जोर गुडघ्यावर येतो. मागे ११-३४ ची कॅसेट लावली तर त्याच वेगाला एकसष्ट फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीतला जोर बराच उतरतो. गुडघेदुखी याने थांबेलच असं मी म्हणत नाही, फिजिओथेरपिस्टला दाखवाच. पण ओझं कमी करायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, लांब केजचा (चेन ताणून धरणाऱ्या लांब हाताचा) असेल तर क्लॅरिसवर ३४ दाते चालतात. आखूड केजचा असेल तर तो बदलावा लागेल, त्याचे दोनेक हजार वाढतील. मेकॅनिककडून एवढं आधी तपासून घ्या.

आणि त्या १ लाख ३५ हजारांच्या सायकलीवर काय येतं? १०५ च्या बऱ्याचशा सायकलींवर पुढे ५०/३४ आणि मागे ११-३४ असतं. म्हणजे घाटात सगळ्यात हलका गिअर तोच, जो तुम्हाला दीड-दोन हजारांच्या कॅसेटमध्ये मिळतोय. बारा गिअर असल्याने मधल्या पायऱ्या जवळजवळ येतात, शिफ्टिंग मऊ असतं, पावसात डिस्क ब्रेकचा भरवसा वाटतो. हे फायदे खरे आहेत, मी ते नाकारत नाही. पण चढ सोपा होईल या आशेने एवढी रक्कम घालत असाल तर हिशेब चुकतोय. वजनाचंही तसंच. तुम्ही, सायकल, पाण्याच्या बाटल्या आणि बॅग मिळून ७६ किलो धरू. नवी सायकल दोन किलो हलकी निघाली तर सत्तर मिनिटांच्या चढावर पावणेदोन-दोन मिनिटं वाचतील.

हातांच्या मुंग्या बहुतेक वेळा बसण्याच्या पद्धतीतून येतात. सॅडल पुढे झुकलेलं, हँडल लांब किंवा फार खाली, सगळा भार तळव्यांवर. यासाठी बाईक फिटिंग, म्हणजे शरीराच्या मापाने सायकल जुळवून घेणं, करून घ्या, पुण्यात ते चांगलं करून मिळतं. चारेक हजार धरा. माझ्या यादीतला हा सगळ्यात महत्त्वाचा खर्च आहे. ३०० ला वेळ असतो २० तास, आणि २०० ला साडेतेरा तास. दोन्हीकडे सरासरी वेग ताशी पंधराच्या आसपासच लागतो. म्हणजे ३०० साठी जास्त वेगाची गरज नाही. जास्त वेळ खोगिरावर टिकण्याची गरज आहे. दुसऱ्या २०० मध्ये तुमचा वेळ कुठे गेला ते आठवून पाहा. बहुधा तो थांब्यांवर, हात झटकण्यात आणि पाठ ताणण्यात गेला असेल.

फिटिंगचा आणखी एक उपयोग आहे. माझं उत्तर बदलू शकेल अशी एकच गोष्ट तिथे कळेल. फिटिंग करणाऱ्याने फ्रेमचं मापच चुकलंय असं सांगितलं, तर या सायकलीवर चेन-कॅसेटपलीकडे एक रुपयाही घालू नका. चुकीच्या मापाची फ्रेम कुठल्याच पार्टने दुरुस्त होत नाही. फ्रेमला बॉटम ब्रॅकेटजवळ (पेडलचा आस बसतो तिथे) किंवा वेल्डिंगपाशी तडा दिसला तरी तेच. मग नवी सायकल ठरल्यापेक्षा लवकर घेऊ.

आता त्या ४४ हजारांकडे येतो. टियाग्रा चांगला ग्रुपसेट आहे. पण सुटे पार्ट नेहमीच महाग पडतात. कंपनीला सायकल जोडताना ज्या भावात ते मिळतात, त्या भावात तुम्हा-आम्हाला मिळत नाहीत. शिवाय फ्रेम तीच राहते आणि रिम ब्रेकच्या फ्रेमला नंतर डिस्क ब्रेक बसवता येत नाहीत. उद्या विकायला काढलीत तर घेणारा फ्रेम आणि वर्ष बघून भाव करतो. माझ्या अंदाजाने ४४ हजार घातल्यावर विक्रीची किंमत फार तर सात-आठ हजारांनी वाढेल. उरलेले ३६ हजार, म्हणजे तुमच्या सायकलीची मूळ किंमत, त्यात जिरून गेले. आणि कोटेशनमधली नवी चाकं कशासाठी, हे दुकानदाराला जरूर विचारा. शिमानोच्या आठ, नऊ आणि दहा गिअरच्या रोड कॅसेट एकाच लांबीच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) बसतात. टियाग्रा दहा गिअरचा आहे. अकरा गिअरवर जाताना रोडच्या हबची लांबी बदलते, तिथे चाकाचा प्रश्न येतो. तुमची चाकं धड असतील तर ती बदलायची गरजच नाही.

सायकलीवरच्या खर्चाची वाटणी मी अशी करतो. काही खर्च झिजेचा असतो: चेन, कॅसेट, टायर, ब्रेक पॅड, केबल. तो करावाच लागतो. काही खर्च तुमच्यासोबत पुढच्या सायकलीवर येतो: फिटिंगची मापं, दिवे, हेल्मेट, शूज, पेडल, मानवलेलं सॅडल. तो करायला हरकत नाही. तिसरा खर्च या सायकलीलाच चिकटून राहतो, तो टाळायचा. तुमचं ४४ हजारांचं कोटेशन जवळजवळ सगळं तिसऱ्या गटातलं आहे.

माझी यादी अशी. चेन ८००, कॅसेट १,८००, केबल आणि मजुरी १,५००, ब्रेक पॅड ७००, फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये मावत असतील तर २८ मिलिमीटरचे बरे टायर जोडीने ४,५००, फिटिंग ४,०००, नवी हँडल टेप आणि जेलचे हातमोजे ९००. बेरीज १४,२००. मागे लावायला एक जादा दिवा घ्या, ३०० मध्ये अंधारातले तास वाढतात. पंधरा-सोळा हजारांत हे बसतं, डिरेलर बदलावा लागला तर वर दोन हजार. टायरवर हात आखडू नका. कारखान्यातून येणारे टायर कडक आणि जड असतात, आणि चांगल्या टायरचा फरक पहिल्याच राईडमध्ये कळतो.

आता ईएमआय. नो कॉस्टमध्ये बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट आधी देतो म्हणून तुम्हाला ते दिसत नाही, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच बिलात येते. १५ टक्के दर धरला तर १ लाख ३५ हजारांच्या सायकलीत साधारण १०,३०० रुपये व्याज लपलेलं असतं आणि जीएसटी व फी मिळून दोन हजारांवर तुम्ही वेगळे भरता. दोन हजार फार नाहीत. माझं लक्ष त्या दहा हजारांवर आहे. विक्रेता ते बँकेसाठी सोडू शकतो, तर रोख देणाऱ्या तुमच्यासाठी का नाही? हे रोखीचा भाव विचारताना तोंडावर विचारा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. तुमच्याकडचं कोटेशन त्या दराने केलंय का, पाहून घ्या.

एसआयपी थांबवायला मात्र माझा ठाम विरोध आहे. वर्षाचे १ लाख २० हजार. १० टक्के परतावा गृहीत धरला तर पंधरा वर्षांनी त्यांचे पाच लाख होतात, आणि तेव्हा तुम्ही निवृत्तीच्या जवळ असाल. त्याहून काळजीची बाब वेगळीच आहे. तुमच्या घरात एक उत्पन्न पक्कं आणि एक हेलकावे खाणारं. खर्च ७८ हजार, म्हणजे २ लाख १० हजारांत तीन महिनेही निघत नाहीत. व्यवसायाचे दोन महिने कोरडे गेले आणि त्यातच घरात कुणाचं आजारपण निघालं, तर ११,२५० चा सायकलीचा हप्ता चुकेल किंवा कार्डावर चढेल, आणि कार्डाचं थकीत व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतं. तुमच्यासारख्या घराला किमान सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे पावणेपाच लाखांच्या आसपास, बाजूला हवा. तो एका वर्षात होणार नाही, पण सुरुवात या ८० हजारांपासून करा.

त्यातले ५० हजार लिक्विड फंडात किंवा मोडता येईल अशा एफडीत टाका आणि त्यांना विसरा. १५ हजार आजच्या दुरुस्तीला. उरलेले १५ हजार नव्या सायकलीच्या नावाने वेगळ्या खात्यात. त्याच खात्याला जोडून दरमहा ५ हजारांची आरडी सुरू करा. नवऱ्याचा महिना बरा गेला की तुमच्याकडे एवढे शिल्लक राहतात, असं तुमच्याच आकड्यांवरून दिसतं. महिना वाईट गेला तर हप्ता चुकल्याचा किरकोळ दंड लागेल, पण घरावर ताण येणार नाही. अठरा महिन्यांनी ९० हजार, आधीचे १५ आणि थोडं व्याज मिळून १ लाख १० हजार होतील. जुनी सायकल तुम्ही स्वतः सायकलवाल्यांच्या ग्रुपवर विकलीत तर दुकानाच्या १४ हजारांहून थोडं जास्त मिळायला हरकत नाही. म्हणजे सव्वा लाखाची सायकल रोखीने, आणि एसआयपीला धक्का नाही.

दीड वर्ष थांबवत नसेल तर दहा महिन्यांनी ६५ हजार जमलेले असतील, त्यात जुनीचे पैसे घालून वापरलेली १०५ ची अॅल्युमिनियम सायकल पाहता येईल. मूळ बिल आणि फ्रेम नंबर जुळतात का ते पाहा, मेकॅनिकला सोबत न्या, फिटिंगच्या कागदावरची मापं हातात ठेवा. वापरलेली कार्बन फ्रेम घेऊ नका. आतला तडा वरून दिसत नाही आणि कंपनीची फ्रेमवरची वॉरंटी बहुतेक वेळा पहिल्या मालकापुरतीच असते.

आणखी एक, थोडक्यात. पहाटे आणि रात्री हायवेवर चालवणाऱ्या, गृहकर्ज डोक्यावर असलेल्या व्यक्तीकडे टर्म इन्शुरन्स आणि वैयक्तिक अपघात विमा दोन्ही हवेत. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही. नसतील तर ३०० ची नोंदणी करण्याआधी घ्या. अपघात विम्याचा हप्ता एका टायरपेक्षा फार मोठा नसतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही ‘कधीतरी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस’ असं लिहिलंय. ती दर चार वर्षांनी होते. २०२३ नंतरची २०२७ मध्ये, पुढची २०३१ मध्ये. बाराशे किलोमीटर आणि त्याआधी त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण केलेली हवीत. मी २०३१ धरून चालतो. त्यात सायकलीपेक्षा विमानाचं तिकीट, व्हिसा, सायकल नेण्याचा खर्च आणि फ्रान्समधलं राहणं जड जाईल, म्हणून त्याची वेगळी एसआयपी काढू. ती या सायकलीच्या खात्यात मिसळू नका. फिटिंगचा कागद आणि चेनचं माप हाती आलं की मला कळवा, त्यावरून डिरेलर आणि टायरचा खर्च पक्का करून देतो.